रिकाम्या फेरीचा खर्च : न सोडवलेल्या व्ही.पी.पासून परत आलेल्या पार्सलापर्यंत

बंगळूरच्या जयनगरात, चौथ्या ब्लॉकच्या बाजारात संध्याकाळी चक्कर मारली की खरेदी-विक्रीचे सर्वांत साधे रूप दिसते. गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन पाहते, भाव होतो, पैसे मोजले जातात, वस्तू पिशवीत जाते. हे सगळे दोन हातांच्या अंतरावर आणि पाच मिनिटांत उरकते. गिऱ्हाईकाचे मन बदलले तर विक्रेत्याचे चार शब्द वाया जातात, बाकी काही नाही. माल जागचा हललेला नसतो.

याच जयनगरात राहणाऱ्या माझ्या तीन विद्यार्थ्यांनी दोन वर्षांपूर्वी छोट्या यंत्रमानवाचे सुटे भाग एका पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून ऑनलाइन विकायला सुरुवात केली. किंमत ६५० रुपये. पाठवणीचा खर्च वजा जाता एका खोक्यामागे १२० रुपये सुटत. पहिल्या महिन्यात चाळीस ऑर्डरी आल्या, सगळ्या ‘माल मिळाल्यावर पैसे’ या बोलीवर. मुले खूश होती. महिनाअखेरीस चौदा खोकी परत आली. कोणी दार उघडले नाही, कोणी ‘मी मागवलेच नाही’ म्हणाले, कोणी पैसे सुटे नाहीत म्हणून परत पाठवले. जाण्याचे ७० रुपये, येण्याचे ७० आणि खोक्याचे १५ धरले तर एका परतीला १५५ रुपये लागतात, म्हणजे एका विक्रीच्या नफ्यापेक्षा जास्त. सव्वीस विक्रींचे ३१२० रुपये, त्यातून चौदा परतींचे २१७० वजा, उरले ९५०. परत आलेल्या दोन खोक्यांत मोटरी नव्हत्या, ते नुकसान वेगळेच.

मुलांनी मला विचारले, ‘सर, हा खर्च आमच्यावरच का?’ प्रश्न वाणिज्याचा वाटतो, पण त्याचे उत्तर इतिहासात आहे. विकणारा आणि घेणारा यांच्यात अंतर पडले की कोणाला तरी आधी विश्वास टाकावा लागतो, आणि तो फसला तर मालाची एक फेरी रिकामी जाते. तिचा खर्च कोणी सोसायचा, हे प्रत्येक काळाने वेगवेगळे ठरवले. या टिपणात आपण तो प्रवास पाहू.

इसार, हुंडी आणि अडत

बेभरवशाच्या गिऱ्हाईकावरचा जुना उपाय आपल्या भाषेत एका शब्दात आहे : इसार, किंवा विसार. सौदा ठरला की घेणाऱ्याने थोडी रक्कम आधी द्यायची. सौदा पुरा झाला तर ती किमतीत वळती होते. घेणारा फिरला तर बहुधा बुडते. घराचा, जमिनीचा व्यवहार करताना आजही आपण इसारपावती करतो. इसाराचा हेतू पैसे मिळवण्याचा नसतो. घेणाऱ्याच्या शब्दाला वजन यावे, एवढ्यासाठी तो असतो. फुकट दिलेला शब्द मोडायला फुकटच असतो.

लांबच्या व्यापाराला इसार पुरेना, तेव्हा हुंडी आली. हुंडी म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली ‘या इसमास इतके रुपये द्यावेत’ अशी चिठ्ठी. ती मान्य करून पैसे देणे म्हणजे हुंडी सकारणे, न देणे म्हणजे नाकारणे. यातला एक प्रकार आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे, तो म्हणजे जोखमी हुंडी. माल पाठवणारा व्यापारी मालाच्या किमतीची हुंडी घेणाऱ्याच्या नावे लिही आणि आपल्याच गावात एखाद्या सावकाराला विकून पैसे मोकळे करून घेई. माल सुखरूप पोहोचला तरच त्या हुंडीचे पैसे मिळत. वाटेत बुडाला किंवा लुटला गेला तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे गेले. म्हणजे सावकार एकाच कागदावर कर्जही देत होता आणि विमाही उतरवत होता, आणि त्याचा मोबदला वटावात घेत होता. घेणाऱ्याने हुंडी नाकारलीच तर काय, याचीही सोय होती. कधी कधी हुंडीसोबत त्या गावातल्या दुसऱ्या भरवशाच्या माणसाच्या नावे जिकरी चिठ्ठी देत; मूळ माणसाने पैसे दिले नाहीत तर याने भागवायचे. १८८१ चा परक्राम्य संलेख कायदा झाला तेव्हाही देशी भाषांतल्या अशा कागदांच्या स्थानिक चालीरीती त्याने मोडल्या नाहीत.

तिसरा मनुष्य म्हणजे अडत्या. महाराष्ट्रातल्या किंवा उत्तर कर्नाटकातल्या कोणत्याही मोठ्या बाजार समितीत जा. शेतकऱ्याचा माल अडत्याच्या गाळ्यावर उतरतो, खरेदीदार घेतो, पण शेतकऱ्याला पैसे देण्याची जबाबदारी अडत्याची असते. खरेदीदाराकडून तो ते मागाहून वसूल करतो. खरेदीदार बुडाला तर अडत्याला खोट. अडत्यांविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्या आहेत. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा : अडत हा केवळ ओळख करून देण्याचा मोबदला नव्हता, धोका अंगावर घेण्याचाही होता. पुढे याचा संदर्भ येणार आहे.

व्ही.पी. : दाराशी पैसे

आता आपण या इतिहासातल्या मुख्य प्रकरणाकडे येऊ. १८७७ साली हिंदुस्थानच्या टपाल खात्याने ‘व्हॅल्यू पेएबल पोस्ट’ ही सेवा सुरू केली. मराठीत ती पहिल्यापासून ‘व्ही.पी.’ झाली. विक्रेत्याने पार्सल टपालात द्यायचे आणि त्यावर वसूल करायची रक्कम लिहायची. पोस्टमन ते दाराशी नेई, पैसे घेई आणि मगच पार्सल देई. पैसे टपाल खात्यामार्फत विक्रेत्याकडे पोहोचत. १८८० मध्ये टपाल खात्याने मनिऑर्डर आपल्याकडे घेतल्यावर ही साखळी पक्की झाली.

तुलनेसाठी पाहा : कॅटलॉगवरून घरपोच माल मागवण्याचे माहेरघर मानलेल्या अमेरिकेत खासगी वाहतूक कंपन्या पोचवणीच्या वेळी पैसे घेत असत, पण तिथल्या टपाल खात्याने ही सोय १ जुलै १९१३ पासून दिली. आपल्याकडची त्याच्या छत्तीस वर्षे आधीची. ‘माल मिळाल्यावर पैसे’ ही बंगळूरच्या नव्या कंपन्यांची कल्पना, असे जे तुम्ही ऐकता, त्याची तारीख एवढी मागे न्यावी लागते.

मराठी वाचनसंस्कृतीवर व्ही.पी.चे मोठे उपकार आहेत. मुंबई-पुण्याचे प्रकाशक पुस्तके, मासिके, पंचांगे खेडोपाडी पाठवत, ती व्ही.पी.ने. औषधे, बियाणी, शिवणयंत्राचे सुटे भाग, हार्मोनियमसुद्धा अशीच जात. यातून ‘व्ही.पी. सोडवणे’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. पैसे भरून पार्सल ताब्यात घ्यायचे ते ‘सोडवायचे’, जणू गहाण पडलेली वस्तू. आणि न सोडवलेली व्ही.पी. ‘परत येई’. मासिकांच्या वर्गणीदारांना संपादक कळकळीने विनंती करत, की यापुढे अंक नको असेल तर आधी एका कार्डाने कळवा, पण व्ही.पी. परत पाठवून आमचे नुकसान करू नका. कारण सरळ होते. टपालहशील पाठवणाऱ्याने आधीच भरलेले असे आणि पार्सल परत आले तरी ते मिळत नसे. रिकाम्या फेरीचा खर्च विक्रेत्याच्या माथी.

विक्रेत्यांनी त्यावर काय केले? मोठ्या रकमेच्या ऑर्डरीसोबत काही रक्कम आगाऊ मागायला सुरुवात केली. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत तशी सूचना असे. म्हणजे टपालाच्या युगातही पुन्हा इसारच.

उलट दिशेनेही फसवणूक होई. लोकांनी न मागवलेल्या वस्तू व्ही.पी.ने पाठवायच्या, घरातला कर्ता माणूस बाहेर असताना बायकामाणसांनी काहीतरी महत्त्वाचे असेल म्हणून पैसे भरायचे, आणि आत निघायची रद्दी. म्हणून १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याच्या ३५ व्या कलमात अशी तरतूद आहे, की खरोखर आलेल्या मागणीनुसारच ही वस्तू पाठवत आहोत असे पाठवणाऱ्याने लिहून द्यावे, असा नियम सरकारला करता येईल. फसवणूक आढळली तर वसूल केलेली रक्कम रोखून घेणाऱ्याला परत करण्याचे नियम करण्याचा अधिकारही त्याच कलमात आला. ऑनलाइन खरेदीतला ‘परतावा’ आपल्याला काल-परवाचा वाटतो. त्याचे बीज या कलमात आहे. पैसे पोहोचवणाराच पैसे थांबवूही शकतो, ही कल्पना इथे प्रथम कायद्यात नीट बसलेली दिसते. (तो १८९८ चा कायदा आता राहिला नाही, जून २०२४ पासून त्याची जागा नव्या टपाल कायद्याने घेतली.)

घाऊक व्यापारात याच सुमारास दुसरी रीत होती. माल रेल्वेने पाठवायचा आणि रेल्वेची पावती थेट गिऱ्हाईकाला न देता बँकेमार्फत पाठवायची. बँकेत पैसे भरल्यावर पावती हाती पडे आणि पावती दाखवल्यावरच माल सुटे. गिऱ्हाईक फिरले तर माल स्टेशनवर पडून राही, त्यावर दंड चढे, आणि विक्रेत्याला त्या गावात दुसरे गिऱ्हाईक शोधत बसावे लागे.

कायदा विक्रेत्याच्या बाजूने, कागदावर

१९३० चा मालविक्री कायदा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. अभियांत्रिकीच्या मुलांनी त्याची दहा-बारा कलमे तरी वाचावीत असे माझे मत आहे. त्यात ‘पैसे न मिळालेला विक्रेता’ याची व्याख्याच दिलेली आहे, कलम ४५ मध्ये. अशा विक्रेत्याला माल अडवून ठेवता येतो (कलम ४७), घेणारा दिवाळखोर झाला तर वाटेतला माल थांबवता येतो (कलम ५०), ठरावीक अटींवर तो दुसऱ्याला विकता येतो (कलम ५४). कलम ४४ तर आमच्या मुलांच्या तक्रारीसाठीच लिहिल्यासारखे आहे : विक्रेता माल द्यायला तयार असताना सांगूनही घेणाऱ्याने तो वाजवी वेळेत ताब्यात घेतला नाही, तर त्यामुळे झालेले नुकसान आणि माल सांभाळण्याचा वाजवी खर्च घेणाऱ्याने द्यायचा.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. ऑनलाइन विक्री ही वर्णनावरून होणारी विक्री आहे, आणि कलम १५ म्हणते की माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. न जुळणारा माल घेणाऱ्याने हक्काने नाकारला तर, वेगळा करार नसेल तेव्हा, तो परत पोहोचवण्याचे बंधनही त्याच्यावर नाही. ‘मला हे नको’ एवढे कळवणे पुरे (कलम ४३). म्हणजे दोष विक्रेत्याचा असेल तर परतीचा खर्च विक्रेत्याचा, आणि विनाकारण घ्यायचे टाळले तर खर्च घेणाऱ्याचा. इतकी न्याय्य वाटणी नंतरच्या कोणत्याही पद्धतीत मला दिसलेली नाही.

मग अडचण कुठे? १५५ रुपयांसाठी दावा कोण लावणार? दुसऱ्या राज्यातल्या अनोळखी माणसावर, वकील देऊन? हक्क बजावण्याचा खर्च हक्काच्या किमतीहून मोठा असला की तो हक्क पुस्तकातच राहतो. पुढे ऑनलाइन बाजारांनी नेमकी हीच जागा भरली. न्यायालयाच्या ऐवजी त्यांनी स्वतःचे नियम आणि स्वतःचा निवाडा आणला.

लिलाव, तारे आणि मध्यस्थाची तिजोरी

सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या, पुढे ‘ईबे’ नावाने प्रसिद्ध झालेल्या लिलावस्थळावर घेणारा सर्वांत मोठी बोली लावायचा आणि गायब व्हायचा, हा नेहमीचा प्रकार होता. १९९६ मध्ये त्यांनी एकमेकांविषयी अभिप्राय नोंदवण्याची सोय काढली. चाळीतल्या नावलौकिकाचे ते संगणकीय रूप म्हणा. पुढे पैसे न भरणाऱ्यांसाठी रीतसर प्रक्रिया आली : विक्रेत्याने तक्रार नोंदवायची, घेणाऱ्याला ठरावीक दिवसांची मुदत मिळायची, तरी पैसे आले नाहीत तर विक्रेत्याचे कमिशन परत आणि घेणाऱ्याच्या नावावर ठपका. असे ठपके साचले की खाते बंद. कलम ४४ चे काम इथे कोर्टाविना काही दिवसांत होत होते.

पण २००८ मध्ये एक मोठा बदल झाला. विक्रेत्यांनी घेणाऱ्यांना वाईट अभिप्राय देणे ईबेने बंद केले. कारण असे दिले गेले, की विक्रेते सूड म्हणून वाईट शेरा मारतात, त्या भीतीने घेणारे खरी तक्रार लिहीत नाहीत. कारण खोटे नव्हते. पण त्या दिवसापासून घेणाऱ्याचा शब्द विक्रेत्याच्या शब्दापेक्षा जड झाला, आणि नंतर आलेल्या जवळजवळ सगळ्या ऑनलाइन बाजारांनी हाच एकतर्फी तराजू उचलला. त्रासदायक गिऱ्हाईकाशी कसे वागावे यावर आज विक्रेत्यांना जे सल्ले मिळतात (शांत राहा, लेखी बोला, छायाचित्रे ठेवा), ते या असमतोलातून आले आहेत.

आपल्याकडे हा अवतार मुंबईत प्रकटला. अवनीश बजाज आणि सुवीर सुजान यांनी ‘बाझी डॉट कॉम’ हे लिलावस्थळ उभे केले. २००४ मध्ये ईबेने ते सुमारे ५ कोटी डॉलरना घेतले. तिथल्या ‘पैसापे’ या व्यवस्थेत घेणाऱ्याचे पैसे आधी मध्यस्थाकडे जमा होत आणि विक्रेत्याने माल पाठवल्यावर त्याला मिळत. चीनमध्ये साधारण याच काळात ताओबाओसाठी ‘अलिपे’ने हेच तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर राबवले. जोखमी हुंडीतला सावकार आठवा. जागा तीच, फक्त हा सावकार तोटा स्वतःवर घेत नव्हता.

डिसेंबर २००४ मध्ये, एका विक्रेत्याने बाझीवर आक्षेपार्ह चित्रफीत विकायला ठेवली म्हणून संकेतस्थळाच्या प्रमुखालाच अटक झाली. ते प्रकरण आपल्या विषयाबाहेरचे, पण त्याचा परिणाम आपल्या विषयावर खोल आहे. मध्यस्थ किती जबाबदार, यावर देशभर चर्चा झाली, आणि २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमात मध्यस्थाला अटींसह संरक्षण मिळाले. तेव्हापासून ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ हे वाक्य ऑनलाइन बाजारांच्या तोंडी पक्के बसले.

बंगळूरचा अध्याय

ऑनलाइन दुकानदारी आमच्या गावात फार लवकर आली. ‘फॅबमार्ट’ हे १९९९ मध्ये इथेच सुरू झाले, गाण्यांच्या सीडी विकत. पण त्या वेळी कार्ड असलेली माणसे थोडी, आणि कार्डाचा आकडा संगणकात टाकायला धजणारी त्याहून थोडी. ऑक्टोबर २००७ मध्ये सचिन बन्सल आणि बिनी बन्सल यांनी फ्लिपकार्ट काढले, तेही पुस्तकांपासून. २०१० मध्ये त्यांनी ‘माल मिळाल्यावर पैसे’ सुरू केले आणि चित्र पालटले. ज्याच्याकडे कार्ड नाही, ज्याचा संगणकावर विश्वास नाही, असा मोठा वर्ग गिऱ्हाईक झाला. व्ही.पी.ने जे मराठी वाचकासाठी केले, तेच.

इथे एक बारकावा आहे, तो निसटू देऊ नका. त्या सुरुवातीच्या काळात विकणारा आणि संकेतस्थळ व्यवहारतः एकाच घरचे होते. पार्सल परत आले तर खर्च कंपनीचा, म्हणजे शेवटी गुंतवणूकदारांचा. त्यामुळे परतीचे नियम सढळ ठेवणे परवडत होते; ती जाहिरातच होती. २०१३ मध्ये फ्लिपकार्टने बाजारपेठेची पद्धत स्वीकारली, जूनमध्ये ॲमेझॉन त्याच पद्धतीने भारतात उतरले, आणि मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने परकीय गुंतवणूक बाजारपेठेलाच मुभा देणारी केली, माल स्वतः साठवून विकणाऱ्याला नाही. आता विकणारे म्हणजे सुरतचा साडीवाला, इचलकरंजीचा चादरवाला, जयनगरची मेतकूट-भाजणी विकणारी एखादी गृहिणी. परतीचे सढळ नियम मात्र तसेच राहिले. वचन संकेतस्थळ देणार, खर्च बहुतेक वेळा विक्रेता सोसणार. अडत्या अडत घेई तेव्हा खरेदीदाराच्या बुडण्याचा धोकाही घेई. नव्या अडत्याने अडत ठेवली आणि धोक्याचा मोठा भाग खाली सरकवला, असे मला वाटते. विक्रेत्याला भरपाईचा दावा करता येतो, हे मान्य. पण वादी विक्रेता, आणि निवाडा करणारा तोच ज्याचा घेणाऱ्याला खूश ठेवण्यात फायदा आहे.

नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत काही कंपन्यांनी दाराशी रोख घेणे तात्पुरते थांबवले होते. त्याच वर्षी यूपीआय आले. तेव्हा वाटले होते की आता ही रीत संपेल. संपली नाही. आज दाराशी क्यूआर कोड दाखवून पैसे घेतात, पण ‘आधी पाहीन, मग देईन’ ही वृत्ती जुनीच आहे आणि ती अवाजवी म्हणवत नाही.

परताव्याचा हक्क

आता घेणाऱ्याच्या बाजूने पाहू, नाहीतर हे टिपण विक्रेत्यांचे गाऱ्हाणे होईल. लहानपणापासून आपण बिलाच्या तळाशी वाचत आलो : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डने १८७५ मध्येच समाधान न झाल्यास पैसे परत देण्याची हमी दिली होती. कारण न पाहता माल मागवणाऱ्या शेतकऱ्याला त्याशिवाय धीर येणार नव्हता. आपल्याकडे पाटी टिकली, कारण गिऱ्हाईक समोर उभे राहून माल पारखून घेत असे. अंतर वाढल्यावर त्या पाटीचा आधारच गेला.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दाद मागायला मंच दिला. २०१९ च्या नव्या कायद्याने पाटीवरच घाव घातला : सदोष माल परत घ्यायला आणि बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत पैसे परत द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली. २३ जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी आणखी स्पष्ट केले. सदोष, बनावट, वर्णनाशी न जुळणारा किंवा कबूल मुदतीनंतर आलेला माल परत घेणे विक्रेत्याला नाकारता येत नाही (उशीर अटळ आपत्तीमुळे झाला असेल तर गोष्ट वेगळी). तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० च्या सूचनांत सांगितले, की परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने द्यायचा, घेणाऱ्याने दुसरा मार्ग मान्य केला असेल तरच वेगळा. ‘पुढच्या खरेदीत वळते करू’ असे परस्पर ठरवता येत नाही, ते यामुळे.

हे सगळे नियम नीट वाचले तर दिसते की ते दोषी मालाविषयी आहेत. ‘मन बदलले’ या कारणासाठी कायद्याने परतावा सक्तीचा केलेला नाही. तो बाजारांनी स्पर्धेपोटी दिला आहे. आणि ऑर्डर देऊन दार न उघडणाऱ्याविषयी नियम जवळजवळ गप्पच आहेत. ऑर्डर रद्द केल्याबद्दल ग्राहकाकडून आकार घ्यायचा तर कंपनीने स्वतः रद्द केल्यावर तितकाच सोसला पाहिजे, एवढी एक अट आहे. म्हणजे १९३० चे कलम ४४ अजून जिवंत आहे, पण ते लागू करणारा हात नाही.

हिशेबाची एक बाजू विक्रेते हमखास विसरतात, म्हणून सांगतो. वस्तू व सेवा कराखाली नोंदणी असेल तर परत आलेल्या मालासाठी कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट काढावी लागते. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत (किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरले तर त्या तारखेपर्यंत) ती विवरणात दाखवली नाही, तर न झालेल्या विक्रीवरचा कर गेला तो गेला.

पुन्हा जयनगर

आमच्या मुलांकडे वळतो. मोटरी नसलेल्या दोन खोक्यांचा दावा त्यांनी केला. फेटाळला गेला, कारण खोके भरतानाचे छायाचित्र नव्हते. त्यानंतर ते प्रत्येक खोके वजनकाट्यावर ठेवून, आकडा आणि पावती दिसेल अशी चित्रफीत घेऊ लागले. हुंडीवर रक्कम आकड्यांतही लिहीत आणि अक्षरांतही, ते उगाच नव्हे.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या पानावर विक्री सुरू केली आणि ऑर्डरीसोबत १०० रुपये आगाऊ मागितले, बाकीचे दाराशी. इसार हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता; मी सांगितल्यावर एकाच्या आजीने म्हणे लगेच ओळखला. ऑर्डरी चाळिसांवरून तेविसांवर आल्या. परत फक्त एक आले, तेही पत्ता चुकल्यामुळे. त्याचे १०० रुपये मुलांनी परत केले, कारण पत्त्यात चूक त्यांचीच होती. बावीस विक्रींचे २६४० रुपये, त्यातून १५५ वजा. आधीच्या ९५० च्या जागी २४८५.

पण इसारामुळे कोण गळाले, हेही पाहायला हवे. फिरणारे गळाले, आणि त्यांच्याबरोबर न पाहता पैसे देणे ज्यांना जमत नाही असेही गळाले. गेल्या आठवड्यात बीदर जिल्ह्यातून एका मुलाचा फोन आला, मराठीतूनच. पॉलिटेक्निकला आहे, खोके हवे आहे, पण वडील म्हणतात वस्तू घरात आल्याशिवाय एक रुपया देणार नाही. मागे एकदा त्यांचे पैसे बुडाले होते. तिघांत बराच वाद झाला. एकाचे म्हणणे नियम म्हणजे नियम. शेवटी दोघांनी त्याला गप्प केले आणि पार्सल इसाराशिवाय रवाना झाले. मी हे लिहितो आहे तेव्हा ते कलबुर्गीला पोहोचल्याचे दिसते आहे.